टेबल खाली, बाई वर

कॉलेजचं ग्रंथालय कुठे आहे असं नव्या मुलांनी विचारलं, की जुनी मुलं सांगत, "बाईंचं टेबल असेल तिथे." नव्यांना वाटे, ही आपली फिरकी घेताहेत. पण उत्तर अगदी सरळ होतं. या कॉलेजात इमारतींचा भरवसा नव्हता, टेबलाचा होता.

बाई म्हणजे इथल्या ग्रंथपाल. तोंडावर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'टकटकबाई'. कारण वाचनालयात कुणी कुजबुजलं तर त्या तोंडाने चकार शब्द काढत नसत. पेन्सिलीचं बूड टेबलावर दोनदा आपटत, बस. त्या आवाजाने भल्याभल्यांची बोलती बंद होई. एकदा संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे भाषणाचं गुऱ्हाळ लावलं होतं आणि कोपऱ्यातून टकटक आली. अध्यक्ष वाक्य अर्धवट टाकून खाली बसले. हात सवयीने गेला, असं बाई आजही सांगतात. त्या वेळी ज्यांनी बाईंचा चेहरा पाहिला होता, त्यांचा यावर विश्वास नाही.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा ग्रंथालय म्हणजे प्राचार्यांच्या खोलीतलं एक कपाट होतं. प्राचार्य आत असले की पुस्तक मागायला जायची कुणाची छाती नव्हती आणि ते नसले की खोलीला कुलूप. त्यामुळे पुस्तकं उत्तम स्थितीत राहत आणि संस्थेच्या अहवालात तसा अभिमानाने उल्लेखही होई. बाईंनी पहिल्याच वर्षी प्राचार्यांकडे इतक्या फेऱ्या मारल्या, की आपली खोली आपल्याला परत मिळावी म्हणून त्यांनी मागच्या अंगणातला तबेला ग्रंथालयाला देऊन टाकला. ही जमीन पूर्वी कुणा घोड्यांच्या शौकीन माणसाची होती. घोडे केव्हाच गेले होते, पण वास राहिला होता. चुन्याचे दोन हात मारून गव्हाणींमध्ये पुस्तकं लावली गेली. रसायनशास्त्रवाल्यांनी मोडीत काढलेलं एक जाडजूड टेबल बाईंनी तिथे ओढून आणलं. त्यावर अ‍ॅसिडचे डाग होते आणि ते हलवायला चार माणसं लागत. याच टेबलाला बाई जन्मभर चिकटून राहिल्या.

तबेल्याचं छप्पर खचू लागलं तेव्हा कॅन्टीनच्या मागचा हॉल मिळाला. पण पुस्तकं तिकडे न्यायची कशी? हमालांसाठी संस्थेने पैसे द्यायला साफ नकार दिला. मग बाईंनी एक शक्कल काढली. प्रत्येक मुलाला हाताला झेपतील तेवढी पुस्तकं घरी वाचायला दिली, ग्रंथालयाला आठवडाभर सुट्टी जाहीर केली आणि बजावलं, "परत आणाल तेव्हा माझं टेबल शोधा. मी तिथे बसलेली असेन." सगळ्यात शेवटी टेबल हललं. ठरल्या दिवशी मुलं टेबल शोधत आली आणि पुस्तकं आपल्या पायांनी नव्या जागेत पोचली. तेव्हापासून कॉलेजात स्थलांतराची हीच रीत पडली.

या रीतीत काही पुस्तकं गहाळ होत, हे खरं. पण गंमत म्हणजे कधीच कॉलेजची नव्हती अशी पुस्तकंही परत येत. घरात सापडलेलं जे जे जुनं, ते बाईंचंच असणार अशी लोकांची समजूत होती आणि बाई ती मोडायच्या भानगडीत पडत नसत. एका मुलाने तर आजोबांची जुनी दैनंदिनी आणून दिली. बाईंनी ती चरित्रांच्या फळीवर लावली. ती परत मागायला आलेल्या आजोबांना त्यांनी सांगितलं, "इथे बसून वाचा, बाहेर न्यायची नाही." आजोबा रोज येऊन बसू लागले. हळूहळू त्यांना स्वतःपेक्षा इतरांच्या चरित्रांची गोडी लागली आणि मग ते बाईंचे सर्वांत नियमित वाचक झाले.

पहिल्या खेपेला मुलं कमी पडली, तेव्हा बाईंनी घरच्यांनाही जुंपलं. नवरा शिंपी होता. त्याने उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या. सासूबाईंनी एक जाडजूड शब्दकोश काखेत मारला, घरी नेला आणि तो काही केल्या परत दिला नाही. बाई घरात स्मरणपत्र घेऊन उभ्या राहिल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "कॉलेजात तू बाई असशील. या घरात पुस्तक आलंय ते माझ्या हाताने आलंय." शब्दकोशावर पाय देऊन त्या माळ्यावरचे डबे काढत. सुनेने सासूचं नाव थकबाकीदारांच्या फलकावर लावलं आणि सासूने तो फलक शेजारणींना मुद्दाम नेऊन दाखवला, हेही इथे सांगून टाकायला हवं.

कॅन्टीनमागच्या हॉलमध्ये ग्रंथालय बरीच वर्षं होतं. भिंतीपलीकडे सतत काहीतरी तळलं जात असे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांवरसुद्धा तेलकट बोटांचे ठसे उमटले आणि वाचकांना दर दहा पानांनी भूक लागू लागली. त्याच काळात तिथे एक सडपातळ मुलगा येत असे. त्याला कशाचंही हसू फुटायचं. पान उलटलं की हसू, कुणी शिंकलं की हसू. बाईंनी त्याचं नाव 'खुसखुस' ठेवलं आणि आठवड्यातून दोनदा त्याला बाहेर काढलं. पण नवी इमारत झाली, तिचा वरचा मजला ग्रंथालयाला मिळाला, तेव्हा सगळ्यात जास्त पुस्तकं याच मुलाने वाहून नेली होती.

वरचा मजला म्हणजे बाईंच्या जन्माचं सार्थक होतं. दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, खेळती हवा आणि कोरड्या ठणठणीत भिंती. नवऱ्याने पडदे शिवून दिले आणि शिलाई म्हणून सभासदत्व मागितलं. बाईंनी त्याला शिलाईच दिली. इथून आता आपण निवृत्तच होणार, असं बाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं.

निवृत्तीला काही महिने राहिले असताना कॉलेजला नवे प्राचार्य आले, आणि ते निघाले खुसखुस. अंगाने भरले होते, केस विरळ झाले होते. हसणं मात्र थांबलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, अध्यक्षांना कॉलेजात दालन हवंय. त्यांना वरचा मजला आवडलाय."

"आवडण्यासारखाच आहे," बाई म्हणाल्या.

"ग्रंथालयासाठी विज्ञान इमारतीचं तळघर साफ करून घेतोय. नवे रॅक, नवे दिवे. सुट्टीत हलवून टाका. तुमची ती पद्धत आहेच."

बाई तळघर पाहून आल्या. वर प्रयोगशाळा होती आणि तिच्या मोऱ्यांचे नळ तळघराच्या छताखालून गेले होते. बाईंनी भिंतीवर तळहात टेकवला आणि तो ओला होऊन परत आला. या भिंतीला लागून पुस्तकं ठेवली तर दोन पावसाळ्यांत त्यांचा लगदा होईल, हे सांगायला ग्रंथपाल लागत नाही. त्यांनी अर्ज केले, भांडल्या, अध्यक्षांकडेही जाऊन आल्या. अध्यक्षांना पेन्सिलीची ती टकटक अजून आठवत होती. त्यांनी चहा पाजून बोळवण केली.

घरी येऊन बाई जेवायला बसल्या नाहीत. "मी जाईन तेव्हा जाईन," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण पुस्तकं माझ्यामागे सडायला नकोत." नवरा सुईत दोरा ओवत होता. "अगं, मग त्यांना तिथे पोचूच देऊ नकोस," तो म्हणाला. बोलायचं म्हणून तो बोलला होता. बाईंनी मात्र ताट वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई प्राचार्यांकडे गेल्या आणि एकदम गरीब गाईसारख्या म्हणाल्या, "ठीक आहे सर. आपल्या पद्धतीने हलवू." प्राचार्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. बाई कधी कुणाला सर म्हणत नसत, आणि याला तर त्या खाजगीत 'अरे' म्हणत.

पुस्तकं वाटायला सुरुवात झाली. मुलांनी नेली, मास्तरांनी नेली, कॅन्टीनवाल्याने पाककलेची झाडून सगळी पुस्तकं उचलली. सासूबाईंनी आणखी तीन मागितली, पण त्यांची थकबाकी असल्यामुळे त्यांना ती मिळाली नाहीत. बघता बघता फळ्या ओस पडल्या आणि वरच्या मजल्यावर टेबल, बाई आणि पडदे एवढंच उरलं.

प्राचार्य काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बाई वरच ठाण मांडून बसणार आणि मुलं टेबल पाहून वरच पुस्तकं आणणार, हे त्यांनी ताडलं. म्हणून पुस्तकं परत यायच्या दिवशी, नव्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाच्या सकाळी, बाई यायच्या आत त्यांनी चार शिपायांकरवी टेबल उचलवून तळघरात नेऊन ठेवलं. बाई वर आल्या तर टेबलाच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि त्या डागांच्या मागे बसल्या.

मग कॉलेजात जो घोळ झाला त्याला तोड नाही. मुलं पुस्तकं घेऊन तळघरात जात, टेबल सापडलं की बाईंना शोधत. बाई नाहीत म्हणून वर येत. वर बाई असत, पण टेबल नसे. "मग आता ग्रंथालय कुठलं?" असे वाद जिन्यात रंगले. काहींनी टेबलाची बाजू घेतली, काहींनी बाईंची. रांग तळघरापासून अंगण ओलांडून वरच्या मजल्यापर्यंत गेली आणि तिच्या मध्यावर अध्यक्षांची गाडी अडकली.

शेवटी रांगेतला पहिला मुलगा बाईंपुढे येऊन उभा राहिला. "बाई, पुस्तक कुठे देऊ?"

"वाचून झालं?"

"अर्धं झालंय."

"मग परत कशाला देतोस?" बाईंनी पर्समधून शिक्का काढला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि मुदत वाढवून दिली. पुढच्याचीही वाढवली, त्याच्या पुढच्याचीही. ज्यांचं वाचून झालं होतं त्यांना त्या म्हणाल्या, "एकदा वाचून काय कळतं?" दुपारपर्यंत साऱ्या गावाची मुदत वाढली आणि पुस्तकं होती तिथे घरोघरी परत गेली.

खाली अध्यक्षांनी फीत कापली. नवे रॅक, नवे दिवे आणि भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "पुस्तकं कुठायत?"

"वाचायला गेलीत," प्राचार्य म्हणाले. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला होता, असं शिपाई सांगतात.

पण संध्याकाळी ते वर आले आणि रिकाम्या फळ्यांमधून चालत बाईंच्या खुर्चीपाशी उभे राहिले. "बाई, आजचा डाव तुमचा. पण महिन्याभरात तुम्ही निवृत्त होणार. तुमच्या जागी येईल ती माझं ऐकेल. मी तोवर थांबतो."

एवढ्या वर्षांत त्यांनी इमारती पाहिल्या, प्राचार्य पाहिले, पण आपण नसलेलं ग्रंथालय त्यांनी मनातही कधी पाहिलं नव्हतं. त्या घाबरल्या. घरी जाताना हातातली पर्स त्यांना जड वाटत होती.

निवृत्तीचा दिवस आला आणि भलताच पेच पडला. नियम असा, की जाणाऱ्या ग्रंथपालाने पुस्तकं नव्याच्या ताब्यात द्यायची, मगच त्याला मोकळं करायचं. ताब्यात द्यायला पुस्तकंच नव्हती. ती दिल्याशिवाय बाईंना सोडता येईना, बाईंना सोडल्याशिवाय नवी ग्रंथपाल रुजू होईना. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी कामावर हजर झाल्या. तिसऱ्या दिवशीही. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

हे सगळं बाईंनी आधीच आखलं होतं, असं कॉलेजात अजून मानतात. ते खरं नाही. बाई स्वतःच स्वतःच्या जाळ्यात अडकल्या होत्या: पुस्तकं परत मागवली तर ती तळघरात जाणार, न मागवली तर सुटका नाही. लेकीचे दिवस भरत आले होते आणि निवृत्त होताच येते, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. नवऱ्याने दुकानाला कुलूप लावून बॅगा भरून ठेवल्या होत्या. "आई, तू येतेस ना?" असं लेक रोज फोनवर विचारी आणि रोज बाई म्हणत, "येते गं, मुदत वाढलीय जरा."

शेवटी प्राचार्यांनी बाईंना चहाला बोलावलं.

"पुस्तकं वर घेतो," प्राचार्य म्हणाले. "टेबलही वर पाठवतो. अध्यक्षांच्या नावाची पाटी खाली लागलीच आहे, तर तळघर हेच त्यांचं दालन असं पटवतो. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून सांगेन."

"आणि तुला काय हवं?"

"नवी ग्रंथपाल मी निवडणार. तुम्ही त्यात नाक खुपसायचं नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. यात काय मेख आहे, ते त्यांना कळत होतं. आज वर घेतलेली पुस्तकं उद्या कुणीही खाली नेऊ शकेल. पण तिकडे लेक वाट पाहत होती. "बरं," त्या म्हणाल्या.

पुस्तकं परत आली, चार जास्तच आली. नवी ग्रंथपाल ताबा घ्यायला हजर झाली. मुलगी इतकी किरकोळ, की पंखा लावायचीही भीती वाटावी. आवाज असा, की समोरच्याला पुढे वाकावं लागे. प्राचार्य काहीही म्हणाले तरी ती "हो सर" म्हणे. बाईंनी नियम सांगितले, तर "हो बाई." ग्रंथालय वर राहणं का महत्त्वाचं आहे ते तासभर समजावलं, तर "हो बाई." बाईंनी हताश होऊन शिक्का तिच्या हातात दिला आणि मागे न बघता जिना उतरल्या.

लेकीकडे नातू झाला. बाईंनी त्याला न्हाऊमाखू घातलं, जागरणं केली, त्याच्यावर जीव ओवाळून टाकला. पण नातू झोपला की त्यांच्या डोळ्यांपुढे ती ओली भिंत येई. कॉलेजला फोन करायची त्यांची हिंमत होत नव्हती. नवरा म्हणे, "विचार तरी." बाई म्हणत, "नको. हलवलं असेल तर मला काही करता यायचं नाही, मग ऐकू तरी कशाला?"

परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मात्र त्या कॉलेजात गेल्या. जिना चढून वर आल्या. दार उघडलं तर खिडक्या उघड्या, पडदे हलताहेत, फळ्या भरलेल्या, मुलं माना खाली घालून वाचताहेत आणि टेबल आपल्या जागी. मग त्यांनी डोळे पुसले, रुबाबात आत शिरल्या, आपल्याला हवं ते पुस्तक फळीवरून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

नव्या ग्रंथपालाने वर पाहिलं. "नमस्कार बाई. कार्ड?"

"कसलं कार्ड?"

"सभासदत्वाचं."

बाई हसल्या. "अगं, मी कशाला सभासद होऊ? मी इथे..."

"तुम्ही कर्मचारी होतात. आता नाही आहात," ती त्याच हळू आवाजात म्हणाली आणि बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं. "प्राचार्यांची सही आणा, दोन दिवसांत कार्ड होईल. नियम तुम्हीच सांगितले होते बाई."

"मला नाही म्हणतेस?"

"काल प्राचार्यांनाही म्हटलं. अध्यक्षांना खाली सर्दी होते म्हणे, त्यांना परत हा मजला हवाय. सर म्हणाले, सुट्टीत ग्रंथालय हलवून टाका. मी म्हटलं, हो सर, उद्यापासून पुस्तकं वाटायला घेते." तिने बाईंचं पुस्तक उचलून बाजूच्या ढिगावर ठेवलं. "त्यावर ते म्हणाले, राहू दे."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या वळल्या आणि प्राचार्यांच्या खोलीत जाऊन सभासदत्वाचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. प्राचार्यांनी अर्ज पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि सही केली.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "पुस्तक आणलंस?"

"नाही दिलं तिने," बाई म्हणाल्या. त्यांचा ऊर भरून आला होता. सासूबाई अंगणात बसल्या होत्या, बाईंनी त्यांनाही सांगितलं. मग शेजारणींना, कॅन्टीनवाल्याला, रस्त्यात भेटेल त्याला, दिवसभर त्या सांगत सुटल्या होत्या, की मला पुस्तक दिलं नाही, मला.